खोटं बोलायची शिकवणी

आमच्या घरात खोटं बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. नको असलेला फोन आला की ‘अगंबाई, मी आत्ता दारातच उभी आहे, निघालेच होते’ हे मी सांगायचं. शेजारणीने पाठवलेला केक किती हलका झालाय, हेही मीच सांगायचं. नवऱ्याला यातलं काही म्हणजे काही जमत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझ्या आईने कौतुकाने विचारलं, ‘अनारसे कसे झालेत?’ तर हा सरळ म्हणाला, ‘चव छान आहे, पण जरा चिवट आहेत.’ आई ते अजून विसरलेली नाही. मी त्याला धुतला तांदूळ म्हणते, आणि त्यात कौतुकापेक्षा वैतागच जास्त असतो. धुतल्या तांदळाबरोबर संसार करायचा म्हणजे खडे वेचायचं काम आपल्याकडे येतं.

पुणं सोडून आम्ही दिल्लीत मयूर विहारला आलो ते त्याच्या नोकरीसाठी. नोएडातल्या एका कंपनीत तो टेंडरचं काम बघायचा. मोठ्या सरकारी कामासाठी कंपनी किती रकमेची बोली लावणार, तो आकडा ठरवणाऱ्या चौघांपैकी तो एक. अशाच एका कामात घोळ झाला. पाकिटं उघडली तेव्हा समोरच्या कंपनीची बोली आमच्याहून अगदी नखभर कमी निघाली. आकडा फुटला होता, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कुणी फोडला, एवढाच प्रश्न होता.

कंपनीने चौघांना बोलावलं आणि एचआरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, ‘पॉलीग्राफ टेस्ट है, बिल्कुल व्हॉलंटरी. कोई प्रेशर नहीं.’ गुडगावात एक खासगी एजन्सी अशा खोटं पकडायच्या टेस्ट घेते म्हणे. चौघांतल्या एकाला त्याच दिवशी ब्लड प्रेशर सुरू झालं. दुसऱ्याने वकिलाचं पत्र आणलं. तिसरे साहेबच होते, त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे ऑफिसला कुलूप लावण्यासारखं. माझ्या नवऱ्याने मात्र वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर केला.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक पंजाबी वकील राहतात. त्यांना कळलं तेव्हा ते जिन्यातच थांबले. ‘भाभीजी, मना करवा दो. कोई ज़बरदस्ती नहीं कर सकता. कोर्ट में तो ये अपने आप में सबूत भी नहीं है. जो पास हुआ उसे कोई इनाम नहीं, जो फेल हुआ वो गया.’

मी घरी येऊन हे सांगितलं, तर नवरा हसला. ‘अगं, नाही म्हणायला मी काय केलंय? कर नाही त्याला डर कशाला?’

आता ही म्हण आम्हाला बाळगुटीबरोबर पाजलेली. त्याच्या घरी तर ती पोळीभाजीसारखी रोज वाढली जायची. प्रामाणिक माणसाने खिसे झाडून दाखवायला मागेपुढे बघू नये, उलट कुणी म्हणायच्या आत उलटे करून दाखवावेत, अशी ती शिकवण. दिल्लीतली माणसं आधी वकील गाठतात, आम्ही आधी खिसे उलटे करतो. टेस्टच्या सकाळी मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. दहावीच्या पेपरला निघाल्यासारखा तो ती चाटून पुसून निघाला.

संध्याकाळी आला तो खुशीत. ‘माणूस फार सज्जन होता गं. आधी चहा दिला. सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवले.’ मग छातीला आणि पोटाला पट्टे कसे बांधले, दंडाला ब्लड प्रेशरचा फुगा, बोटांना चिमटे, समोर कोरी भिंत, मागे लॅपटॉपवर धावणाऱ्या रेघा, असं सगळं त्याने पोहे खाता खाता सांगितलं.

‘आणि काय विचारलं?’

‘आधी इकडचंतिकडचं. आयुष्यात कधी न विचारता काही घेतलंय का? वरिष्ठांशी कधी खोटं बोललात का? विश्वास टाकणाऱ्या माणसाला कधी फसवलंत का?’

‘मग तू काय म्हणालास?’

‘खरं ते. घेतलंय म्हटलं. शेजारच्यांच्या कैऱ्या पाडल्यात, लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत पानं काढलीत. आजारी नसताना आजारपणाची रजा टाकून गणपतीला पुण्याला गेलो होतो, तेही सांगितलं. तो म्हणाला, सर, इतना डिटेल नहीं चाहिए, छोटी बातें छोड़ दीजिए, उसके अलावा तो कुछ नहीं ना? मी म्हटलं, भाऊ, उसके अलावा भी होगा. मग शेवटी प्रत्येक प्रश्नाला ‘हाँ’च म्हणालो.’

आमची लेक अकरावीत आहे. ती कपाळावर हात मारून म्हणाली, ‘बाबा, यार, तुम्ही ना, टू मच आहात.’ आम्ही तिघंही हसलो. तो हसण्याचा प्रसंग नव्हता, हे समजायला आठवडा जावा लागला.

रिपोर्ट आला. ‘डिसेप्शन इंडिकेटेड’, म्हणजे माणूस खोटं बोलतोय. मुद्द्याच्या प्रश्नाला, म्हणजे ‘तो आकडा तुम्ही बाहेरच्या कुणाला दिला का’ याला ‘नाही’ म्हणताना त्याच्या सगळ्या रेघा उसळल्या होत्या. त्या रेघा उसळणार नाहीत तर काय होईल? महिनाभर हा माणूस दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हता. भाजीवाल्याने ‘क्या दूँ’ विचारलं तरी दचकत होता. पण हे कोण ऐकतो? कंपनीने त्याला घरी बसवलं. निर्णय कळवू म्हणाले. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला त्याच दुपारी काढलं. रोज ज्याच्याबरोबर मेट्रोने जायचा, तो सहकारी आमच्याच स्टेशनवर मला दिसला आणि ओळख न देता पुढच्या डब्याकडे चालू लागला. ज्यांनी टेस्ट दिलीच नाही ते तिघं आपापल्या खुर्चीत बसून होते. नापास फक्त परीक्षेला बसलेला झाला.

टेंडरच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. एकदा आकडा फोडणारा असं नाव पडलं की या शहरात त्याला कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. पण मी खचले ती वेगळ्याच गोष्टीने.

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता, दाढी वाढलेली, समोर चहाचा कप साय धरलेला. मला म्हणाला, ‘अगं, बोलीचं पाकीट बंद केलं त्या दिवशी मी मेट्रोतून तुला फोन केला होता ना?’

‘रोजच करतोस.’

‘तेव्हा मी आकडा बोललो का?’

दिल्लीतल्या आम्हा मराठी माणसांना एक खोड आहे. आपलं बोलणं आजूबाजूला कुणाला कळत नाही असं धरून आम्ही मेट्रोत खुशाल मोठ्याने बोलतो. समोरच्याच्या शर्टापासून सासूच्या गुडघ्यापर्यंत काहीही. हाही तसाच बोलतो. त्यामुळे ही शंका अगदीच वेडी नव्हती, आणि म्हणूनच मला तिची भीती वाटली.

‘नाही बोललास. तू बटाटे आणू का असं विचारलंस.’

‘नक्की? डब्यात कुणी मराठी असेल तर?’

‘अरे, नक्की! बटाटे. आणि आणलेस ते हिरवे निघाले.’

तो हसला नाही. ‘मला आठवत नाही याचा अर्थ मी केलं नाही असा होत नाही ना,’ तो म्हणाला. ‘मशीनला माझ्याशी काय वैर आहे? त्याला काहीतरी दिसलं असेल. मला माहीत नसलेलं.’

जन्मभर खरं बोलण्याचा हा परिणाम होता. कुणी खोटं बोलत असेल हे त्याच्या मनातच येत नाही. मग समोर दोघंच उरले, मशीन आणि तो. आणि मशीन तर खोटं बोलत नाही, असं सगळं जग सांगत होतं. म्हणजे खोटा कोण, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

दोन दिवसांनी त्याच्या लॅपटॉपवर मी एक अर्धवट मेल पाहिली. एचआरला. ‘माझ्याकडून नकळत आकडा बाहेर गेला असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही.’ न केलेल्या चोरीची कबुली, आणि तीही त्याच्या त्या स्वच्छ, स्वल्पविराम जागच्या जागी दिलेल्या इंग्रजीत. मी लॅपटॉप मिटला आणि उराशी धरून बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या गुडगावच्या मशीनला लाथ घालावी, रेघा ओढणाऱ्या त्या सज्जनाच्या छातीला पट्टा बांधून त्याला विचारावं, तू कधी निरपराध माणूस बुडवलास का? असं काय काय मनात येत होतं. करता येण्यासारखं एकही नव्हतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीत भेटणारे एक काका आहेत. सरकारी प्रयोगशाळेत अशाच चाचण्या घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘घरी नको, रविवारी सदनात या.’ कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्य सरकारच्या जुन्या सदनाच्या कँटीनला साबुदाणा वडा खायला आम्ही मराठी लोक जातोच, तिथे दोन कुटुंबं एका टेबलाशी दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. नवऱ्याला मी जवळजवळ ओढतच नेला.

काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘एक लक्षात घ्या. यंत्राला खोटं कळत नाही. त्याला घाम कळतो, श्वास कळतो, ठोके कळतात. घाम चोराला येतो आणि चोरीचा आळ आलेल्यालाही येतो. घामाघामात फरक नसतो.’

‘मग हे ओळखतात कसं?’ मी विचारलं.

‘ताडून बघतात. आधी ते छोटे प्रश्न असतात ना, न विचारता काही घेतलंय का वगैरे? असं न केलेला माणूस जन्माला आलेला नाही, हे विचारणाऱ्याला माहीत असतं. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस ‘नाही’च म्हणतो. हो म्हटलं तर आपण चोर दिसू, ही भीती. ते बारीकसं खोटं बोलताना तो किती हलला, ती झाली मोजपट्टी. मग मुद्द्याचा प्रश्न. निर्दोष माणूस छोट्या प्रश्नाला जास्त हलतो आणि गुन्हेगार मोठ्याला, असं धरून चालायचं.’ मग ते नवऱ्याकडे वळले. ‘तुम्ही छोट्या प्रश्नांना काय उत्तरं दिलीत?’

‘खरी,’ नवरा म्हणाला.

‘सगळी?’

‘सगळी.’

काकांनी चमचा खाली ठेवला. ‘अहो, मग त्याला ताडायला तुम्ही काही ठेवलंच नाहीत. छोट्या प्रश्नांना तुमचं मन शांत, मोठ्याला साहजिकच धडधड. कागदावर तुम्ही गुन्हेगार. निगरगट्ट माणूस यातून सुटून जातो आणि तुमच्यासारखा हमखास अडकतो. पुष्कळदा बरोबरही येतं, मी नाही म्हणत नाही. पण चुकतं तेव्हा हे असं चुकतं. मी जन्मभर ही यंत्रं चालवली. माझ्या मुलाला कुणी बसायला सांगितलं असतं, तर त्याला मी घराबाहेर पडू दिला नसता.’

मी विचारलं, ‘काका, पुन्हा घेतली तर?’

त्यांनी वड्याची बशी बाजूला सारली. पुढचं जे सांगितलं ते हळू आवाजात, आणि माझं नाव घेऊ नका अशी अट घालून.

तळमजल्यावरच्या वकिलांनी कडक पत्र लिहिलं आणि कंपनीने दुसऱ्या टेस्टला मान्यता दिली. नवरा तयार नव्हता. ‘म्हणजे मी निर्दोष आहे हे दाखवायला मी तिथे जाऊन खोटं बोलायचं?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘बिल्कुल.’

‘मग पहिल्या टेस्टमध्ये जे म्हटलं त्याचं काय?’

‘मी घाबरलो होतो, प्रश्न नीट समजले नव्हते, असं सांगायचं.’

‘म्हणजे अजून एक खोटं.’

मी त्याच्यावर ओरडले. ‘अरे, तुझ्या खरेपणाने आपल्याला कुठे आणून ठेवलंय ते बघ! तुला ती मेल पाठवायची आहे का? पाठव. मग मी आणि ही पोर कुठल्या तोंडाने या सोसायटीत राहणार, तेवढं खरं खरं सांग मला!’ मला तसं बोलायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचतच नव्हतं. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, ‘शिकव.’

जेवणाच्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली. दंडाला घरचंच ब्लड प्रेशरचं मशीन. मी विचारायचं, ‘तू कधी न विचारता काही घेतलंस?’ आणि त्याने ‘नाही’ म्हणायचं. नुसतं म्हणायचं नाही, तर त्याच क्षणी बुटात पायाची बोटं आवळायची, मनात उलटे आकडे मोजायचे, एखादी भयानक गोष्ट आठवायची. मुद्द्याच्या प्रश्नाला मात्र श्वास संथ, मन रिकामं. पहिले काही दिवस तो ‘नाही’ म्हणायचा आणि लगेच माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की जणू मी त्याला कुत्र्याला दगड मारायला लावलाय. लेक म्हणायची, ‘बाबा, तुमचा फेस सगळं सांगून टाकतो. असं बघा.’ आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणायची, ‘मी आज फिजिक्सचा पूर्ण चॅप्टर केला.’ आम्ही दोघं फसायचो. पोरगी आईवर गेली आहे.

‘तू विश्वास टाकणाऱ्या माणसाला कधी फसवलंस?’

‘नाही.’

‘पुन्हा.’

‘नाही.’

‘आवाज पडतोय तुझा. पुन्हा.’

हळूहळू जमायला लागलं. आवाज सरळ झाला, पापणी लवेनाशी झाली. एका संध्याकाळी मी विचारता विचारता मध्येच म्हटलं, ‘दूध तापवलंस का रे?’ तो म्हणाला, ‘हो, झाकून ठेवलंय.’ मी स्वयंपाकघरात गेले तर दूध पिशवीतच होतं. मी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या. तोही हसला, कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या टेस्टमध्ये तो पास झाला. पहिल्यांदा खरं बोलला तेव्हा खोटा ठरला आणि दुसऱ्यांदा ठरवून खोटं बोलला तेव्हा कंपनीने त्याच्या सचोटीबद्दल दोन ओळी लिहून पाठवल्या. मी देवापुढे साखर ठेवली आणि वकिलांकडे पेढे नेऊन दिले. तो सोमवारी डबा घेऊन ऑफिसला गेला तेव्हा मी बाल्कनीतून दिसेनासा होईपर्यंत बघत उभी होते.

पहिला आठवडा तो गप्प होता. मग एकदम बोलायला लागला. संध्याकाळी आला की ऑफिसचं काहीतरी सांगायचा. नवीन आलेला बंगाली मुलगा एसी बंद करतो आणि साहेब चालू करतात, त्यावरून रोज तमाशा. कँटीनवाल्याने राजमा सोडून कढी सुरू केलीय. ज्याने मेट्रोचा डबा बदलला होता त्या सहकाऱ्याने माफी मागितली, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हे ऐकून तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आधी हा माणूस ऑफिसचं अवाक्षर बोलायचा नाही, आता गोष्टीवेल्हाळ झाला होता. मी आईला फोन करून सांगितलं, माणसात आला गं परत. पोळ्या करताना मी गाणं गुणगुणायला लागले होते.

नंतर एकदा दुपारी मला ऑफिसात फोन आला. एचआरच्या त्याच गोड आवाजाच्या बाई. ‘मैम, सर फोन नहीं उठा रहे. उनका आईडी कार्ड और लैपटॉप अभी तक जमा नहीं हुआ. रिज़ाइन किए तो काफ़ी टाइम हो गया ना, फ़ाइल क्लोज़ करनी है.’

मी विचारलं, कधी दिला राजीनामा? त्या म्हणाल्या, परत जॉइन झाल्याच्या आठवड्यातच. सगळ्यांनी समजावलं, पण सरांनी कारण सांगितलं नाही.

मी ‘अच्छा, बोल देती हूँ’ म्हणून फोन ठेवला. बंगाली मुलगा, एसी, कढी, त्या सहकाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं एकेक करून आठवलं. रोज सकाळी डबा घेऊन हा माणूस या एवढ्या शहरात कुठे जाऊन बसत होता, कोण जाणे. आणि मला, या घरातल्या पट्टीच्या खोटारडीला, एकदाही शंका आली नव्हती. कुठे अडखळला नाही, कुठे जास्त सांगितलं नाही. मी शिकवलं होतं त्याहून कितीतरी चांगलं जमलं होतं त्याला.

घरी जाताना मेट्रोत मी ठरवलं होतं की आज समोर बसवायचं आणि सगळं विचारायचं. तो नेहमीच्या वेळी आला. बूट काढले, रिकामा डबा ओट्यावर ठेवला, तोंड धुऊन टेबलाशी येऊन बसला. किती वाळला होता तो, मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल फिरत होती. मी त्याच्यासमोर बसले. त्याला प्रश्न विचारायचा म्हणजे पुन्हा त्या खुर्चीत बसवून पट्टे आवळायचे, आणि या वेळी ते माझ्या हाताने.

‘कसा गेला दिवस?’ मी विचारलं.

‘छान,’ तो म्हणाला. ‘आज साहेब सुट्टीवर होते, त्यामुळे एसीचं भांडण नाही.’

‘बरं झालं,’ मी म्हटलं, आणि त्याला गरम पोळी वाढली.